स्टेरॉइड म्हणजे हार्मोनच ना? मग ल्युकेमियाच्या काही पेशी त्याला दाद का देत नाहीत?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला एएलएल आहे, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. आज उपचारांचा अकरावा दिवस. पहिला आठवडा त्याला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आणि पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेटचं एक इंजेक्शन, एवढंच दिलं. आठव्या दिवशी रक्त तपासलं. सुरुवातीला एका मायक्रोलिटरमध्ये ४२,००० ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या कोवळ्या पेशी, होते, ते ३०० वर आले. डॉक्टर म्हणाले, "गुड रिस्पॉन्डर." मी जिन्यात जाऊन रडले, या खेपेला आनंदाने.

शेजारच्या खाटेवर आठ वर्षांची मुलगी आहे. तोच आजार, तीच गोळी, शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने डोसही तोच. तिचे आठव्या दिवशी ६,००० ब्लास्ट उरले. तिची आई मला विचारते, "आमचं काय चुकलं हो? तिसऱ्या दिवशी तिला उलटी झाली होती. त्यात गोळी पडली असेल का?" मला काही उत्तर देता आलं नाही.

डॉक्टर राउंडच्या घाईत एवढंच म्हणाले, की हे औषध शरीरातल्याच हार्मोनचं भावंड आहे आणि काही पेशी त्याला निकामी करतात. निकामी करतात म्हणजे नेमकं काय करतात? कोणी साध्या मराठीत सांगेल का? तिच्या आईला वाचून दाखवायचंय.

एकटाकी

रानजाई, लेकरू लवकर खडखडीत बरं होवो. विषयातलं मला काही कळत नाही, पण धागा वाचतोय.

पेशीवेल्हाळ

मी जैवरसायनशास्त्रात काम करतो, डॉक्टर नाही. तेव्हा उपचारांबद्दल बोलणार नाही. "निकामी करणं" मात्र माझ्या रोजच्या कामातलं आहे, ते सांगतो.

आपल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, बनवतात. ते रक्तातून फिरतं, पेशीत शिरतं आणि तिथल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला, म्हणजे त्याला धरणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं. मग ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करते, काही बंद. लिम्फोसाइटच्या, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींच्या, घराण्यातल्या कोवळ्या पेशींमध्ये या गडबडीत बिम नावाचं प्रथिन वाढतं आणि पेशी स्वतःच आपलं आवरतं घेते. संप्रेरकाने लसिकाग्रंथी आक्रसतात हे १९४४ पासून प्राण्यांत माहीत होतं. १९४९ मध्ये कॉर्टिसोन माणसांच्या लसिका-अर्बुदांवर, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगांवर, वापरून पाहिलं, गाठी विरघळल्या. संधिवातावरच्या कॉर्टिसोनला नोबेल मिळालं ते १९५० चं. ल्युकेमियातली स्टेरॉइडं त्याच काळातली.

आता एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन. कॉर्टिसोलच्या रेणूत कार्बनच्या अणूंना क्रमांक असतात. क्रमांक ११ च्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसलेली असली की रेणू चालू. तिथला हायड्रोजन काढून घेतला की तो कॉर्टिसोन होतो, आणि रिसेप्टर त्याला धरत नाही. शंभर पानी ग्रंथातलं एक अक्षर बदलून अर्थ जावा, तसं. हा बदल करणारी दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, आहेत. ११बीटा-एचएसडी२ हायड्रोजन काढून घेतं, ११बीटा-एचएसडी१ तो परत बसवतं. २ नंबरच्या विकराने हार्मोन निजतो, १ नंबरच्याने जागा होतो.

तुमच्या मुलाच्या गोळीचंही तेच. प्रेडनिसोन हे निजलेलं रूप, प्रेडनिसोलोन जागं. प्रेडनिसोन दिलं तर मुख्यतः यकृतातलं १ नंबरचं विकर त्याला जागं करतं. रक्तात पुरेसं जागं औषध फिरत असलं, तरी एखाद्या पेशीने आपल्या आत २ नंबरचं विकर भरपूर बाळगलं असेल तर आत आलेला रेणू ती तिथल्या तिथे निजवते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही टी-एएलएल (टी-पेशींपासून झालेला एएलएल) पेशींमध्ये हे दिसलं आहे. ते विकर अडवलं की त्याच पेशी प्रेडनिसोलोनला मरू लागतात.

म्हणजे रक्ताच्या नळीत मोजलेली पातळी आणि पेशीच्या पोटातली पातळी एक असेलच असं नाही. त्या ताईंना एवढं जरूर सांगा.

सोनचाफा

किती सोपं करून सांगितलंत. आमच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर रात्रीची निम्मी झोप तरी लागली असती.

तळटीप

पेशीवेल्हाळ, मांडणी छान, पण थोडा असहमत. सगळं खापर ११बीटा-एचएसडीच्या डोक्यावर फुटतंय. प्रयोगशाळेतल्या पेशी वर्षानुवर्षं डबीत वाढलेल्या असतात, मुलांच्या मज्जेतून (हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या गरातून) थेट काढलेल्या पेशी तशाच वागतात असं धरून चालणं मला घाईचं वाटतं.

थेट रुग्णांच्या पेशींवरचं एक भक्कम काम २०१५ मधलं आहे. तिथे दोषी वेगळंच एन्झाइम निघालं, कॅस्पेज-१. खरं तर हे दाह-सूज निर्माण करणाऱ्या यंत्रणेतलं. ज्या ल्युकेमिया पेशी प्रेडनिसोलोनला जुमानत नव्हत्या, त्यांच्यात ते जास्त होतं आणि ते चक्क ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरलाच कापत होतं. हार्मोन जागा आहे, आत आला आहे, पण त्याला धरणारं प्रथिनच तुकडे होऊन पडलंय! अशा पेशीत २ नंबरचं विकर शून्य असलं तरी गोळीचा उपयोग नाही.

शिवाय साधी गोष्ट, एएलएल एकच नसतो. टी-पेशींचा असेल तर आठव्या दिवसाचा निकाल वाईट येण्याचं प्रमाण बी-पेशींच्या तुलनेत जास्त असतं. त्या मुलीचा कोणता आहे?

पेशीवेल्हाळ

तळटीप, मान्य. कॅस्पेज-१ मी सांगायला हवं होतं. रिसेप्टर कापला जाणं, रिसेप्टर मुळातच कमी असणं, बिमला अडवणारं बीसीएल-२ जास्त असणं, वाटा बऱ्याच आहेत. मी "निकामी करणं" या शब्दाला धरून हार्मोनवर थेट काम करणारं विकर निवडलं. दोन्हींत सामाईक मुद्दा राहतोच: दोष पेशीच्या आत आहे, गोळी देणाऱ्या आईच्या हातात नाही.

रानजाई

तिचा टी-एएलएल आहे, आत्ताच विचारून आले. मुलाचा बी.

आता पुढची शंका. पेशी औषध निजवते, तर डोस दुप्पट करून तिला थकवता येणार नाही का?

रक्तवैद्य

मी रक्तविकारांचा डॉक्टर आहे. कोणत्याही रुग्णाबद्दल इथे सल्ला देणार नाही, पण प्रश्न रास्त आहे म्हणून सर्वसाधारण उत्तर देतो.

आठव्या दिवशी मायक्रोलिटरमध्ये १,००० पेक्षा कमी ब्लास्ट म्हणजे चांगला प्रतिसाद, १,००० किंवा जास्त म्हणजे वाईट. ही रेघ जर्मनीतल्या बीएफएम गटाने आखली. वाईट प्रतिसाद म्हणजे उपचार फसले असं नव्हे, त्या मुलाला जास्त कडक योजनेत न्यायचं असा तो इशारा आहे. सुमारे दहातल्या एका मुलाचा निकाल असा येतो.

"थकवण्याची" कल्पना वेगळ्या वाटेने वापरली जाते. प्रेडनिसोलोनचा डोस वाढवत बसण्याऐवजी रेणू बदलतात. डेक्सामेथासोनमध्ये ९ क्रमांकाच्या कार्बनवर फ्लोरिनचा अणू आहे. त्यामुळे रिसेप्टरवर त्याची पकड घट्ट बसते आणि ११बीटा-एचएसडी२ चा त्याच्यावर फारसा जोर चालत नाही. मेंदूभोवतीच्या द्रवातही ते जास्त पोचतं.

मग सगळ्यांनाच डेक्सा का नाही? एआयईओपी-बीएफएम २००० या चाचणीत ३,७२० मुलं होती. सुरुवातीच्या टप्प्यात काहींना प्रेडनिसोन ६० मिलिग्रॅम, काहींना डेक्सा १० मिलिग्रॅम, दोन्ही दर चौरस मीटरला दर दिवशी. पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण प्रेडनिसोनवर १५.६ टक्के, डेक्सावर १०.८ टक्के. पण त्याच सुरुवातीच्या टप्प्यात दगावणारी मुलं प्रेडनिसोनवर ०.९ टक्के, डेक्सावर २.५ टक्के. मुख्यतः जंतुसंसर्गाने. जोरदार हार्मोन कर्करोगाच्या पेशींना ओळखून मारत नाही, मुलाची सगळी प्रतिकारशक्ती खाली बसवतो. हे आकडे समोर ठेवून कोणाला काय द्यायचं ते ठरतं. मी स्वतः दोन्ही दिली आहेत आणि दोन्ही वेळा पहिले चार आठवडे मोबाइल उशाशी घेऊन झोपलो आहे.

ओलीसावली

वाचतेय. डॉक्टर, वेळ काढून लिहिताय त्याबद्दल आभार.

सोनचाफा

एक अनुभव सांगते, विषयाला धरूनच आहे.

माझा मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे, ठणठणीत. तो नऊ वर्षांचा असताना गुडघे आणि घोटे दुखायचे, ताप यायचा. एका डॉक्टरांनी संधिवात समजून स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. चार दिवसांत पोरगा उड्या मारायला लागला! आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो, काय औषध दिलंय म्हणून. तीन आठवड्यांनी गोळ्या थांबवल्या आणि दहाव्या दिवशी दुखणं दुपटीने परत आलं, अंगावर लाल ठिपके उठले. मग दुसरीकडे नेलं. तिथल्या बाईंनी कागद चाळताना पहिला प्रश्न केला, "स्टेरॉइडच्या आधी रक्ताची काचपट्टी कोणी पाहिली होती का?" कोणीच पाहिली नव्हती.

त्या गोळ्यांनी ल्युकेमिया दबला होता, गेला नव्हता. मूळ आकडे किती होते हे कधीच कळलं नाही, म्हणून कोणत्या योजनेत टाकायचं यावर त्यांची बरीच चर्चा झाली. पहिल्या डॉक्टरांवर मला राग काढायचा नाही. पण ज्यांच्या मुलांची हाडं दुखताहेत, ताप हटत नाही, त्यांनी स्टेरॉइड सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताची तपासणी) मागून घ्या. मागायला लाजू नका.

रक्तवैद्य

सोनचाफाताईंच्या प्रतिसादाला माझं शंभरदा अनुमोदन. लहान मुलाची हाडं-सांधे दुखत असतील आणि कारण स्पष्ट नसेल, तर आधी रक्त, गरज वाटली तर मज्जा, मग स्टेरॉइड. हा क्रम उलटला की निदान धूसर होतं.

काचपट्टी

स्मिअरचं नाव निघालं म्हणून न राहवून लिहितेय. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं आहे. वर सगळी चर्चा "एन्झाइम हार्मोनवर काय करतं" अशी चाललीय. आमच्या टेबलावर याची उलटी बाजू रोज दिसायची: हार्मोन एन्झाइमवर काय करतो.

न्यूट्रोफिल अल्कलाइन फॉस्फटेज, आम्ही नुसतं "नॅप" म्हणायचो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या आतलं हे एन्झाइम. ताज्या रक्ताची स्मिअर काढायची. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतलं शिळं रक्त चालत नाही, एन्झाइम मंदावतं. स्मिअर फिक्स करून नॅफ्थॉल फॉस्फेट आणि रंगद्रव्याच्या द्रावणात ठेवायची. जिथे एन्झाइम आहे तिथे निळे कण उमटतात. मग तेलाखालच्या लेन्समधून १०० न्यूट्रोफिल मोजायचे, प्रत्येकाला ० ते ४ गुण. काहीच निळं नसेल तर शून्य, केंद्रकसुद्धा दिसेनासं होईल इतकी पेशी गच्च भरलेली असेल तर चार. बेरीज म्हणजे स्कोअर, जास्तीत जास्त ४००. शंभरावी पेशी मोजून मान वर केली की भिंतीवरसुद्धा निळे ठिपके दिसायचे.

सीएमएलमध्ये, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, हा स्कोअर जवळजवळ शून्यावर येतो. पेशींचा महापूर, पण त्यांच्या पोटात रंगच नाही. जंतुसंसर्गाने पेशी वाढल्या असतील तर उलट भरपूर निळ्या. दोन्हींतला फरक त्यावरून करत.

आणि आता हार्मोन. गरोदरपणात हा स्कोअर चढतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी चढतो, स्टेरॉइडनेही. इतका भरवशाने चढतो, की रंग नीट उमटतोय का हे बघायला आम्ही तिसऱ्या तिमाहीतल्या बाईची स्मिअर शेजारी ठेवायचो. आमची "पॉझिटिव्ह कंट्रोल" तीच. ती बाई तपासणीला आलेली असायची, जाताना म्हणायची, "माझ्या रक्ताने कोणाचं काम होतंय तर घ्या की."

एकदा पांढऱ्या पेशी खूप वाढलेली स्मिअर आली, स्कोअर अगदी मधला, ना शून्य ना चढा. मी "सीएमएल वाटत नाही" असं लिहायला घेतलं होतं. वरिष्ठ मॅडमनी फॉर्म उलटा करून दाखवला: पाच महिन्यांची गरोदर. त्या म्हणाल्या, सीएमएल असूनही गरोदरपणाचे हार्मोन स्कोअर वर ओढतात, फसू नकोस. पुढे गुणसूत्रांच्या तपासणीत फिलाडेल्फिया गुणसूत्र, म्हणजे सीएमएलची खूण, निघालं. त्या दिवसापासून मी फॉर्मची मागची बाजू आधी वाचते.

आता त्याच गुणसूत्रावरच्या बीसीआर-एबीएल जनुकाची पीसीआर तपासणी आली, नॅप मागे पडली. नवीन मुलींना हा रंग कसा दिसतो तेही माहीत नाही, याची मला हळहळ वाटते.

एकटाकी

काचपट्टी, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

झाडपाला

अवांतर वाटेल, पण विचारतो. ज्येष्ठमधातला घटक ११बीटा-एचएसडी२ ला अडवतो असं वाचलंय. पेशीवेल्हाळ म्हणतात तसं ते विकर पेशीत औषध निजवत असेल, तर ज्येष्ठमध दिलं की प्रेडनिसोलोन जागं राहील. इतका स्वस्त उपाय कोणी का करत नाही?

पेशीवेल्हाळ

झाडपाला, रसायनशास्त्र बरोबर आहे. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनपासून शरीरात ग्लिसरेटिनिक आम्ल तयार होतं, ते या विकराला अडवतं. पण हे विकर आधी मूत्रपिंडात आहे, आणि तिथे ते पहारा देतं. मूत्रपिंडातला मिठाचा हिशेब ठेवणारा रिसेप्टर अल्डोस्टेरॉन या हार्मोनसाठी आहे, पण कॉर्टिसोलही त्याला तितकंच नीट चिकटतं, आणि रक्तात कॉर्टिसोल कितीतरी जास्त. २ नंबरचं विकर तिथल्या कॉर्टिसोलला निजवतं म्हणून बरं. पहारा उठवला तर शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घसरतं, रक्तदाब चढतो.

ज्या मुलाचा रक्तदाब स्टेरॉइडने आधीच वर आहे, पोटॅशियम उलट्यांनी खाली आहे, त्याला हे देणं धोक्याचं आहे. कृपया कोणी घरी करू नका. हे विकर फक्त ल्युकेमियाच्या पेशीत अडवायचं साधन हाती असतं तर गोष्ट वेगळी.

झाडपाला

समजलं. बरं झालं विचारलं. मी एका नातेवाइकांना सुचवणारच होतो, आता नाही सुचवत.

परतवाट

माझा आजार वेगळा होता, एपीएल, अ‍ॅक्यूट प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया. मला कॅप्सूल मिळाल्या त्या अट्राच्या, म्हणजे व्हिटॅमिन ए पासून बनणारं रेटिनोइक आम्ल. तेही हार्मोनसारखंच पेशीत शिरून रिसेप्टरला चिकटतं, फक्त पेशीला मारण्याऐवजी मोठं करतं. अडकून बसलेल्या कोवळ्या पेशी पिकून न्यूट्रोफिल होतात आणि आपल्या वयाने मरतात. शांघायमध्ये वांग झेन-यी यांनी १९८५ मध्ये पाच वर्षांच्या मुलीला हे पहिल्यांदा दिलं. त्याआधी एपीएल म्हणजे रक्तस्रावाने चार दिवसांत माणूस जाणार अशी ख्याती होती. मी भरती झालो तेव्हा हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. आज नऊ वर्षं झाली.

तेव्हा मला सांगितलं होतं की नुसत्या अट्रावर आजार परततो, म्हणून आर्सेनिकही द्यायचं. नुसत्या अट्रावर का परततो हे कधी नीट कळलं नाही. इथे कोणी सांगेल का?

पेशीवेल्हाळ

परतवाट, तुमचा प्रश्न थेट मूळ धाग्याला जोडतो. कारणं एकाहून जास्त आहेत, पण त्यातलं एक पुन्हा एन्झाइमच आहे, सीवायपी२६. ते रेटिनोइक आम्ल मोडतं. औषध रोज दिलं की शरीर हे विकर वाढवतं आणि काही आठवड्यांत तोच डोस रक्तात कमी पातळी देऊ लागतो.

आणि २०१३ मध्ये कळलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मज्जेत रक्तपेशींना आधार देणाऱ्या पेशी असतात, त्यांना स्ट्रोमा म्हणतात. या पेशी स्वतः निरोगी असतात, पण त्यांच्यात सीवायपी२६ असतं. स्वतःच्या मूळ पेशी वेळेआधी पिकू नयेत म्हणून मज्जा आपल्या कोनाड्यांत रेटिनोइक आम्ल कमी ठेवते. त्याच कोनाड्यात ल्युकेमियाची पेशी जाऊन बसली की तिलाही आयता आसरा मिळतो. म्हणजे औषध निकामी करणारं विकर कर्करोगाच्या पेशीतच असायला हवं असं नाही, शेजाऱ्याकडे असलं तरी पुरतं. रक्त स्वच्छ झालं तरी डॉक्टर मज्जा पुन्हा पुन्हा का तपासतात, त्याचं एक कारण हेही आहे.

आणखी एक विकर सांगतो, माझं लाडकं: एकेआर१सी३. पुरुष-संप्रेरकांच्या वाटेवर ते अँड्रोस्टीनडायोनचं टेस्टोस्टेरॉन करतं. तेच मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींत प्रोस्टाग्लँडिन डी२ ला दुसरीकडे वळवतं, नाहीतर त्यापासून पेशी पिकवणारे रेणू तयार झाले असते. आणि तेच डॉनोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधाचंही धार गेलेलं रूप करतं. एकच विकर, तीन ठिकाणी नाक खुपसणारं. ते अडवायला बेझाफायब्रेट आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ही जुनी औषधं एकत्र करून एएमएलच्या (मायलॉइड ल्युकेमियाचा वेगाने वाढणारा प्रकार) वयस्कर रुग्णांवर छोटी चाचणीही झाली.

आता त्या ताईंसाठी: टी-एएलएलच्या पुष्कळ पेशींत हे विकर बरंच जास्त असतं. म्हणून संशोधकांनी उलटा डाव टाकलाय. निजलेलंच औषध द्यायचं, जे एकेआर१सी३ च जागं करील. ज्या पेशीत विकर जास्त, तीच आपल्या हाताने विष जागं करणार. अजून संशोधनाच्या पायरीवर आहे, पण मला यातून फार आशा वाटते.

तळटीप

व्हिटॅमिन डी च्या बाबतीतही हेच घडलं. १९८१ मध्ये उंदरांच्या ल्युकेमिया पेशी सक्रिय व्हिटॅमिन डी ने पिकून मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) झाल्या, मोठी आशा निर्माण झाली. पण माणसात तेवढा डोस द्यायचा तर रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या वर जातं, आणि पेशीतलं सीवायपी२४ हे विकर ते मोडत राहतं. डबीतलं यश रुग्णापर्यंत पोचायला किती अडथळे असतात, म्हणून मी मघाशी हट्ट धरला होता.

दीपमाळ

माझ्या भावाची मज्जा आटली होती, ल्युकेमिया नाही, टेलोमेअरचा (गुणसूत्रांच्या टोकांवरच्या टोप्यांचा) आनुवंशिक दोष. त्याला पुरुष-संप्रेरकाच्या जातीचं डॅनाझॉल दिलं. मला वाटायचं पुरुष-संप्रेरक मूत्रपिंडातून एरिथ्रोपोइटिन (लाल पेशी वाढवणारं हार्मोन) वाढवतं, म्हणून रक्त वाढत असेल. पण डॉक्टरांनी समजावलं की यात एन्झाइमांची साखळी आहे. २००९ मधल्या प्रयोगांत असं दिसलं, की मज्जेतल्या पेशींना पुरुष-संप्रेरक दिलं की अ‍ॅरोमाटेज त्याचं एस्ट्रॅडायोल करतं आणि त्या स्त्री-संप्रेरकाने टेलोमरेज, म्हणजे टेलोमेअर लांबवणारं एन्झाइम, वाढतं. अ‍ॅरोमाटेज अडवलं तर टेलोमरेज वाढत नाही. २०१६ ची २७ रुग्णांची चाचणी ठरल्याआधी थांबवली, कारण टेलोमेअर झिजण्याचा वेग कमी होतो का हे पाहायला गेले होते आणि ते लांब होताना दिसले!

भावाचं हिमोग्लोबिन ६ वरून ११ वर आलं. यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, दर महिन्याला तपासणीसाठी रक्त द्यावं लागतं. पण तो पुन्हा कामावर जातो.

ओलीसावली

माझा गोंधळ झालाय. आमच्याकडे मुलीची "एन्झाइम टेस्ट" केली होती, टीपीएमटी. शिवाय "एन्झाइमचं इंजेक्शन"ही देतात. हे सगळं वरच्याच गोष्टींपैकी का?

रक्तवैद्य

नाही. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ ही विकरं ६-मर्काप्टोप्युरीन हे केमोचं औषध शरीर कसं पचवतं ते सांगतात. हार्मोनशी संबंध नाही. ती कमजोर असतील तर नेहमीच्या डोसने पेशी फार खाली जातात, म्हणून डोस आधीच कमी ठेवतात.

इंजेक्शन म्हणजे अ‍ॅस्पॅरजिनेज. गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांची लिम्फोमा विरघळते हे १९५३ मध्ये दिसलं, त्यातून ते सापडलं. मात्र त्याचा हार्मोनशी आडून संबंध येतो. अ‍ॅस्पॅरजिनेजमुळे यकृत प्रथिनं कमी बनवतं, आणि त्या दिवसांत डेक्सामेथासोन शरीरातून हळू बाहेर पडतं. म्हणजे डोस तोच, पण मुलावर त्याचा परिणाम जास्त होतो. साखर वाढणं, चिडचिड, रात्री उठून जेवायला मागणं या काळात जास्त दिसतं. काही बुरशीविरोधी औषधंही स्टेरॉइडचा निचरा मंदावतात. म्हणून घरचं कोणतंही औषध लपवू नका, आम्ही रागावत नाही.

आणि स्टेरॉइड संपल्यावर मुलाच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काही आठवडे सुस्त असतात. त्या दिवसांत ताप आला किंवा मूल एकदम गळून गेलं तर "स्टेरॉइड नुकतंच थांबलंय" हे पहिल्या वाक्यात सांगा.

सोनचाफा

सगळं झालं, पण मूळ प्रश्न राहिलाच की! ती माउली विचारत होती, उलटीत गोळी पडली असेल का. पोराच्या आजारपणात आईला विकरं-बिकरं नंतर, आधी हेच खात असतं. डॉक्टर, याचं उत्तर द्या ना.

रक्तवैद्य

खरंय ताई, हे आधी लिहायला हवं होतं.

सात दिवस रोज विभागून गोळ्या दिल्या जातात. त्यातली एक उलटीत पडल्याने आठव्या दिवशी ६,००० ब्लास्ट उरत नाहीत. पेशी औषधाला दाद देणाऱ्या असत्या तर उरलेल्या गोळ्यांनीही त्या खाली आल्या असत्या. पुढे कधी गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर नर्सला तेव्हाच सांगायचं, पुन्हा द्यायची की नाही ते त्या बघतील. झालेल्या उलटीचा आणि या आकड्याचा संबंध जोडू नका. त्या आईचं काही चुकलेलं नाही.

रानजाई

सगळ्यांना उशिराने उत्तर देतेय. मुलाला दोन दिवस ताप होता, आता उतरलाय.

काल रात्री दोन्ही मुलं झोपल्यावर तिच्या आईला मोबाइलवरून वाचून दाखवलं. मी सुरुवातीपासून वाचणार होते, पण आधी डॉक्टरांचा शेवटचा प्रतिसादच वाचला. ती म्हणाली, "परत वाचा." मी तीनदा वाचला. मग तिने उशीखालून एक कागद काढला. तिसऱ्या दिवसाची वेळ, उलटी किती वाजता, गोळी किती वाजता, सगळं पेन्सिलीने लिहिलं होतं. तो तिने घडी करून फाइलच्या मागच्या खणात टाकला.

मग म्हणाली, "आता ते निजवणाऱ्या एन्झाइमचं वाचा." कार्बन ११ शी मी अडखळले, तेव्हा तीच म्हणाली की शाळेत तिला रसायन आवडायचं. तिच्या लेकीची नवी योजना सोमवारी सुरू होतेय, त्यात डेक्सामेथासोन आहे. तिने फ्लोरिनचा अणू कुठे असतो ते मला कागदावर काढायला लावलं. मला येईना. पेशीवेल्हाळ, तेवढं चित्र काढून टाकाल का?

पेशीवेल्हाळ

आज रात्रीच टाकतो. मोठ्या अक्षरांत, ९ आणि ११ ला गोल करून.